कच्चा बर्फ

बातमी आली तेव्हा थंडोबा बर्फाच्या कारखान्यात हौदावरच्या फळ्यांवर उभा राहून साखळीने एक डबा वर ओढत होता. बातमी आणली इंजिनवाल्याने. हा धक्क्यावरचा मेकॅनिक, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, थंडोबाचा लहानपणापासूनचा सोबती. एरवी कारखान्याच्या दारातूनच शिव्यांची लाखोली वाहत आत येणारा माणूस. आज तो गुपचूप आत आला, कॉम्प्रेसरच्या आवाजात काहीतरी बोलला, ते ऐकू गेलं नाही म्हणून फळ्यांवर चढून थंडोबाच्या कानाशी आला आणि म्हणाला, "वहिनी गेल्या."

थंडोबाने डबा वर घेतला. साध्या पाण्याच्या टाकीत बुडवला, बर्फ सुटेपर्यंत थांबला, डबा आडवा केला. लादी ओल्या जमिनीवरून घसरत भिंतीशी जाऊन टेकली. मग त्याने त्या रांगेतले उरलेले डबेही एकामागून एक काढले.

"अरे, ऐकलंस का मी काय म्हणालो ते?" इंजिनवाला म्हणाला.

"ऐकलं. रांग अर्धी सोडली तर बाकीचे डबे चिकटून बसतात."

लोकांनी पुढे याचंही भांडवल केलं. बायको गेल्याचं कळलं आणि हा बाबा बर्फ काढत बसला, म्हणे. बोलणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं, आणि आमच्या त्या धक्क्यावर तर जिभांना दुसरा उद्योगही नसतो. खरी गोष्ट एवढीच की त्या घटकेला त्याला दुसरं काही सुचलं नाही. सकाळी घरून निघताना ती चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. एवढं त्याला आठवत होतं, आणि त्यापुढे डोक्यात काही येतच नव्हतं.

थंडोबा हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला, त्यात स्वभाव असा की घराला आग लागली तरी हा आधी चपला शोधणार. मग गावाने दुसरं काय नाव ठेवायचं? त्याचे हात तर केव्हाचेच कामातून गेले होते. बोटांच्या टोकांना गरम कळत नसे की गार कळत नसे. सगळे जण चहाचा पेला काठाला धरत, हा मुठीत धरी. आंघोळीचं पाणी बायको स्वतःचा हात घालून बघे आणि मगच त्याला बादली देई. लग्न झाल्यापासून यात कधी खंड पडला नव्हता.

आता या गावाची रीत थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. रस्ता जिथे संपतो तिथे हे गाव. रस्ता धक्क्यापर्यंत येतो, पुढे पाणी. दवाखाना तालुक्याला, बस सकाळी एक आणि संध्याकाळी तीच परत. मोठ्या बोटी दूरच्या पाण्यात जातात आणि बरेच दिवस तिकडेच राहतात. बोट परत कधी येते? डिझेल सरलं म्हणून नाही येत, घरची आठवण आली म्हणून तर मुळीच नाही. बर्फ संपत आला की येते. बर्फ आहे तोवर मासा टिकतो, आणि मासा टिकतो तोवर जाळं टाकत राहायचं. त्यामुळे कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा घरी कधी येणार, हे समुद्राच्या नाही तर थंडोबाच्या हातात असे. मामला एवढा सरळ होता.

आणि दुसरी रीत म्हणजे, बोटी बाहेर असताना घरात कुणी गेलं, तर समुद्रावरच्या माणसांसाठी ते माणूस थांबवून ठेवायचं. बर्फावर. घरातून पहिला निरोप नातेवाइकांना नाही, कारखान्यात जाई. थंडोबा हातगाडीवर लाद्या आणि भुशाची पोती घालून त्या घरी जाई, न बोलता सगळं नीट लावून देई आणि दारातल्या बायांना सांगे, "अमुक दिवशी येईल तो. तोवर पुरेल." त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. बर्फ त्यानेच दिलेला असे ना.

तर त्या दुपारी थंडोबाने हातगाडी काढली, आणि या वेळी ती स्वतःच्या घराकडे वळवली.

घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे मोरी. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक लोखंडी खाट, तिच्याखाली मुलाची जुनी जाळी, खिडकीत आरसा. बायकोला आतल्या खोलीत जमिनीवर झोपवलं होतं. तिची धाकटी बहीण, म्हणजे थंडोबाची मेव्हणी, दोन घरं सोडूनच राहायची. तिनेच ताईला चुलीपाशी कलंडलेली पाहिली होती. मेव्हणी तोंडाची फटकळ, पण आज दारात गाडी आलेली पाहून ती मोरीकडे वळली. तिने फक्त मोरीच्या भोकातला कापडाचा बोळा काढला, पाणी जायला.

थंडोबाने कामाला सुरुवात केली. आधी भुसा पसरला, त्यावर ओली पोती, त्यावर लाद्या. लाद्यांच्या फटीत फोडलेला बर्फ भरला. कुठे किती लागतो हे त्याला ठाऊक होतं, गावातल्या कितीतरी घरी त्याने हे केलं होतं. मासळीला जसं लावतो तसंच, पण ते बोलायचं नसतं. इंजिनवाला मदतीला वाकला तर म्हणाला, "तू नको. तुझा हात लागला की वितळतो." मग बायकोची साडी त्याने पायांपाशी नीट केली आणि बाहेर येऊन ओट्यावर बसला.

त्याला रडू येत नव्हतं. वाईट वाटतंय असंही त्याला म्हणता आलं नसतं. फार वेळ एका पायावर बसलं की पाय आपला राहत नाही, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता. आलेली माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवत, तो मान हलवी, आणि हात उचलला गेला की पुन्हा समोरच्या गटाराकडे बघत राही. मोरीतून पाण्याची बारीक धार त्या गटारात येत होती.

सगळे एकच विचारत होते. "पोरगा कधी येईल हो?"

तो म्हणे, "येईल."

आणि त्याला पक्कं माहीत होतं की मुलगा वेळेत येणार नाही.

का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि गावातल्या पुरुषांना आजतागायत माहीत नसलेली एक गोष्ट उघडी करावी लागेल. बर्फ पुरता गोठायला हौदात ठरलेल्या तासांची पूर्ण पाळी लागते. त्याआधी डबा काढला तर लादी बाहेरून अगदी लादीसारखीच दिसते, पण पोटात पाणी असतं. हा कच्चा बर्फ. अशा काही लाद्या बोटीच्या खणात, म्हणजे मासळी ठेवायच्या कप्प्यात, तळाशी, चांगल्या लाद्यांच्या खाली गेल्या, तर वरून कुणाला पत्ता लागत नाही. वरचा बर्फ फोडून फोडून खलाशी खाली पोचतात तेव्हा तिथे निम्मं पाणी झालेलं असतं. मग तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य, कपाळाला हात लावतो, उन्हाला शिव्या देतो, खणाच्या लाकडाला शिव्या देतो आणि बोट घराकडे वळवतो. दोन दिवस, तीन दिवस लवकर.

हे गावातल्या बायकांना ठाऊक होतं. कुणाचे दिवस भरत आले, कुणाचं मूल तापाने फणफणलं, कुणाची सासू शेवटच्या घटका मोजते आहे, की ती बाई थंडोबाच्या घरी येऊन वहिनीपाशी बसायची. थंडोबाच्या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणे. इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या, कामाचा शब्द उठता उठता निघायचा. दुपारी वहिनी डबा घेऊन कारखान्यात जाई, नवऱ्यापुढे ताट वाढी आणि भातावर आमटी ओतता ओतता म्हणे, "लाल बोटीला जरा हलक्या हाताने द्या."

थंडोबा मान वर न करता जेवत राही. पण द्यायचा. लागोपाठ दोनदा एकाच बोटीला कधी दिलं नाही, आणि पोकळ कारणासाठी दिलं नाही. कारणं पारखायचं काम वहिनीचं. एकदा तर एक बाई उलटंच मागायला आली होती, "वहिनी, आमच्या ह्यांना चांगला टणक द्यायला सांगा. जितका टिकेल तितका. घरात जरा शांतता आहे." वहिनी आठवडाभर हसत होती. थंडोबाने त्या बोटीला दगडासारखा बर्फ दिला आणि तो तांडेल परत आल्यावर त्याचे आभार मानून गेला.

असं वर्षानुवर्षं चाललं. बारशाला बाप हजर राहिले, आजाऱ्याच्या उशाशी मुलगे पोचले. आणि पुरुषांना वाटत राहिलं की हा सगळा आपल्या नशिबाचा खेळ. पुरुषांना असं वाटू द्यावं, त्यांचं काही बिघडत नाही.

या सगळ्यात वहिनीने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एकदाच, ही बोट सुटायच्या आदल्या दुपारी.

मुलगा या खेपेला पहिल्यांदाच तांडेल म्हणून निघाला होता. बोट मालकाची, मालक हात राखून असणारा. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "एक खेप बघतो. खण भरून आणलास तर बोट तुझ्या हाती. रिकामा आलास तर पुन्हा जाळं ओढायला." मुलाने खलाशी म्हणून उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घालवलेली. थंडोबाने मुलाच्या बोटीचे डबे हौदात पाळी उलटून गेल्यावरही तसेच ठेवले होते. लाद्या अशा झाल्या होत्या की पलीकडे हात धरला तर बोटं दिसावीत. आयुष्यात त्याने इतका चांगला बर्फ कुणाला दिला नव्हता.

वहिनीने ताट वाढलं. आमटी ओतली. "आपल्या पोराच्या बोटीला जरा हलक्या हाताने," ती म्हणाली.

थंडोबाला हसू आलं. "अगं, पहिली खेप आहे त्याची."

"म्हणूनच म्हणते."

"का? काय झालं?"

"काही नाही. उगीच. बघावंसं वाटतंय त्याला."

"अजून गेलासुद्धा नाही तो! सकाळी तर तुझ्यासमोर जेवला." मग तो जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, कच्चा बर्फ दिला आणि दोन दिवस आधी अर्ध्या खणाने आला, तर मालक त्याला पुन्हा उभं करणार नाही. आपल्याच हाताने आपल्याच पोराच्या पायावर धोंडा पाडायचा का?"

"बरं," ती म्हणाली. डबा धुतला, पुसला, झाकण लावलं आणि गेली. कारखान्याच्या पायऱ्यांवर ती मध्येच जरा थांबली होती, कठड्याला धरून. थंडोबाने ते पाहिलं होतं. त्याला वाटलं, पायरी ओली आहे म्हणून जपून उतरते आहे.

संध्याकाळी त्याने स्वतः खणात उतरून लाद्या लावल्या. दुप्पट भुसा, दुप्पट पोती. मुलगा वरून म्हणाला, "बाबा, एवढं कुणाला करत नाही तुम्ही." थंडोबा म्हणाला, "बर्फ आहे तोवर यायचं नाही."

आता ओट्यावर बसून तो मनातल्या मनात तो खण पुन्हा पुन्हा भरत होता आणि रिकामा करत होता. कसाही हिशेब केला तरी बर्फ शिल्लक राहत होता.

बोटीवर वायरलेस होता. धक्क्यावरच्या कचेरीतून हाका मारून झाल्या, उत्तर आलं नाही. येणार कसं? मासा लागला की तांडेल पहिलं काम करतो ते वायरलेस बंद करण्याचं, नाहीतर चार बोटी आवाजाचा माग काढत येतात आणि दुसऱ्याच्या ताटात हात घालतात. म्हणजे मुलाला मासा लागला होता. एरवी ही पेढे वाटायची बातमी.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा तांडेल आला. त्याची बोट बर्फासाठी धक्क्याला लागून होती, कारण कारखान्यातला बर्फ थंडोबाच्या घरी जात होता आणि थंडोबाशिवाय हौदाकडे बघायला कुणी नव्हतं. वाटलं, कटकट करायला आला असेल. तो म्हणाला, "मी निघतो. बर्फ नको मला. मासा नाही, पोराला शोधायला जातोय." आणि खरंच रिकाम्या खणाने गेला. असं कुणी करत नाही, डिझेल काय आकाशातून पडतं? थंडोबाने त्याच्याकडे पाहिलं, त्याचे आभार मानायला हवेत हे त्याला कळलं, आणि तो पुन्हा गटाराकडे बघू लागला. म्हातारा दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "पाणी फार मोठं आहे रे," आणि पायरीवर बसून राहिला.

बायका मात्र येतच राहिल्या. पुरुष ओट्यावर बसत, बायका आत. आतलं बोलणं खिडकीतून बाहेर ऐकू येई. "माझ्या धाकटीच्या वेळेला वहिनींनीच आणलं ह्यांना. नाहीतर मी एकटी असते." दुसरी म्हणे, "माझ्या सासूने मुलाच्या मांडीवर डोळे मिटले ते वहिनींमुळे." तिसरी नुसतीच रडे. पुरुषांना वाटे, वहिनीने नवस बोलले असतील, प्रार्थना केल्या असतील. थंडोबा खाली मान घालून ऐकत राही. एकेक बाई बाहेर येई, जाता जाता त्याच्याकडे ओळखीच्या नजरेने बघे आणि म्हणे, "येईल हो तुमचा मुलगा. तुम्ही असताना कसा नाही येणार?" त्यांना वाटत होतं, त्याने आपल्या घरासाठी तरी केलंच असेल. निदान घरासाठी तरी.

रोज सकाळी तो कारखान्यात जाई, लाद्या आणी, जुनं पाणी झालेलं काढी, नवीन लावी. तिच्या चेहऱ्याकडे तो कामापुरतंच बघे. बर्फ सगळं थांबवत नाही, नुसतं लांबवतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग एका दुपारी मेव्हणी चहा घेऊन ओट्यावर आली. बाकीची माणसं जेवायला गेली होती. थंडोबाने पेला मुठीत धरला. तिने तो झटकन काढून घेतला. "हातभर फोड येतील! ताई नाही आता बघायला." आणि पेला जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर बसली.

"ताईचा चेहरा बदलायला लागलाय, भाऊजी."

"हो."

"अजून एक दिवस थांबलो तर येईल का तो?"

"नाही."

"कशावरून?"

"बर्फ आहे त्याच्याकडे."

"ताईने तुम्हाला सांगितलं होतं ना? हलक्या हाताने द्या म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"पहिली खेप होती त्याची."

तिचा बांध तिथे फुटला. आवाज चढला नाही, पण एकेक शब्द दातांतून आला. "अख्ख्या गावाचे नवरे आणून दिलेत तुम्ही. जिचं तोंड बघावंसं वाटत नाही अशा बाईच्याही नवऱ्याला आणून दिलंत. आणि तिला तिचा एक पोरगा आणून देता आला नाही?"



"छातीत दुखत होतं तिच्या," मेव्हणी म्हणाली. "महिना झाला असेल. पायरी चढली की दम लागायचा. मी म्हटलं तालुक्याला जाऊ. नको म्हणाली. पोराची पहिली खेप होऊ दे, मग जाऊ, म्हणाली. मला शपथ घातली, ह्यांना सांगू नकोस, हे काम सोडून माझ्यामागे फिरतील, आणि पोराच्या कानावर गेलं तर तो जाणारच नाही." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. "मी पण नाही सांगितलं. घ्या. मी पण नाही सांगितलं."

गटारात पाण्याची धार चालूच होती.

"मला काहीच वाटत नाहीये," थंडोबा जरा वेळाने म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, एखादं यंत्र बंद पडल्याचं सांगावं तसं त्याने सांगितलं. "केव्हापासून बघतोय. काहीतरी वाटायला हवं ना गं?"

मेव्हणीने चहा निवलाय का ते बोट लावून पाहिलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

"उद्या सकाळी नेऊ," तो म्हणाला. "पोराने असं बघायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेलं. मुलाच्या जागी इंजिनवाला उभा राहिला. सगळं आटोपून थंडोबा घरी आला, आतल्या खोलीतला भुसा झाडूने गोळा केला, पोती धुऊन वाळत घातली, जमीन पुसून घेतली. मग मोरीत आंघोळीला बसला आणि बादलीकडे बघत राहिला. पाणी गरम आहे की गार, त्याला कळेना. शेवटी त्याने पाणी तसंच ओतून दिलं आणि आंघोळ न करताच कारखान्यात गेला. धक्क्याला बोटी अडकून पडल्या होत्या, त्यांना बर्फ द्यायचा होता.

त्यानंतरच्या दिवशी, दुपार कलायच्या आधी, भोंगा ऐकू आला.

खण भरलेली बोट दुरूनही ओळखू येते, ती पाण्यात खोल बसलेली असते आणि सावकाश येते. ही बोट तर बुडते की काय इतकी खाली होती. पुढच्या टोकावर खलाशी उभे राहून हात हलवत होते, कुणीतरी शर्ट काढून फिरवत होतं. धक्क्यावर लिलावाची वेळ, टोपल्या घेऊन बायका जमलेल्या. एरवी अशी बोट आली की कोण ओरडा होतो. आज कुणी ओरडलं नाही. मालक आला होता, तोसुद्धा छत्री मिटून एका बाजूला उभा राहिला.

थंडोबा कारखान्याच्या दारातून निघून धक्क्याच्या कडेपर्यंत चालत गेला. मेव्हणी त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

दोर बांधायच्या आधीच मुलाने वरून उडी मारली. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, चेहऱ्यावर मावत नव्हता इतका आनंद. "बाबा! काय बर्फ दिला होता हो तुम्ही! परवाच खण भरत आला होता, पोरं म्हणाली, चला आता. मी खाली उतरून बघितलं, लाद्या जशाच्या तशा. म्हटलं, बाबांनी सांगितलंय, बर्फ आहे तोवर यायचं नाही. अजून दोन वेळा जाळं टाकलं आणि…" बोलता बोलता त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आई कुठे आहे?"

त्याने मावशीकडे पाहिलं.

"आई गेली," थंडोबा म्हणाला.

मुलगा तिथे पडलेल्या खोक्यावर खाली बसला. केव्हा, कशाने, काय झालं होतं, असं तो विचारत राहिला आणि थंडोबा जेवढ्यास तेवढं सांगत राहिला. चुलीपाशी. छातीत. तुझ्यासाठी थांबवलं होतं, काल नेलं. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या हातांना खवले चिकटलेले होते, ते गालांना लागले. पाठ गदगदा हलत होती. वर बोटीवर खलाशी टोप्या काढून उभे होते.

"माझी आठवण काढली का तिने?" त्याने तोंडावरचे हात न काढताच विचारलं.

"काढली," थंडोबा म्हणाला. "तुला बघावंसं वाटतंय म्हणाली."

एवढं म्हणून तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं. गेले कित्येक दिवस आत काही हललं नव्हतं, ते आता हललं, आणि इतकं दुखलं की त्याने कठडा धरला. पण ते वाक्य बोलायचं तर आधी सगळं सांगावं लागणार होतं. धक्क्यावर, मालकासमोर, खलाशांसमोर, दर खेपेला त्याच्या भरवशावर समुद्रात जाणाऱ्या तमाम पुरुषांसमोर. आणि ती गोष्ट त्याच्या एकट्याची नव्हती.

मुलाने मनगटाने नाक पुसलं. वर पाहिलं तर त्याला बापाचा चेहरा दिसला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तो असा दिसला. तो उठला, बापाच्या खांद्यावर हात टाकला. आता बापाला आपणच आधार द्यायला हवा, असं त्याला वाटलं असावं.

"तुम्ही नका लावून घेऊ बाबा," तो म्हणाला. "तुम्ही तरी काय करणार होता? समुद्रात गेलेल्या माणसाला वेळेआधी परत कोण आणू शकतं?"

टोपल्या घेतलेल्या बायकांनी एकाएकी खाली पाहिलं. कुणी पदर सारखा केला, कुणी टोपलीची कड चाचपली. लाल बोटीवाल्याची बायको पाठ फिरवून पाण्याकडे बघू लागली. मेव्हणीने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

"कोणी नाही," थंडोबा म्हणाला, आणि मुलाचा दंड धरून त्याला घराकडे घेऊन निघाला.